जुनं पायाचं शिलाई मशीन घ्यावं का? वापरून झाल्यावरचं माझं मत

आधी निकालच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना खालपर्यंत यायला नको. घरातलं उसवलेलं-फाटलेलं शिवायला, पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, पिशव्या, पँटची खालची पट्टी असल्या सरळ टीपेच्या कामाला जुनं लोखंडी पायाचं मशीन एक नंबर आहे, बिनधास्त घ्या (फक्त घेताना काय तपासायचं ते शेवटी लिहिलंय ते बघून घ्या). टीशर्ट, लेगिंग असले ताणणारे कपडे शिवायचे असतील तर अजिबात घेऊ नका. आणि हे मशीन घरात आलं की आपण आजी-पणजीसारखे स्वावलंबी होणार, बाजाराचं तोंड बघायला नको असं काही डोक्यात असेल तर जरा थांबा, सगळं वाचा मग ठरवा. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते येईलच.

मशीन कुठलं म्हणाल तर सिंगरच्या १५ नंबरच्या नमुन्यावर बनवलेलं, काळं, त्यावर सोनेरी नक्षी (अर्धी उडालेली), खाली बिडाचा जाळीदार स्टँड, मोठं चाक, चामड्याचा गोल पट्टा, वर लाकडी टेबल. अर्थातच सेकंडहँड. प्लेटवर नाव कोणाचं आहे ते मुद्दाम सांगत नाही कारण त्याने काही फरक पडत नाही, हा १५ नंबरचा नमुना इतक्या कंपन्यांनी बनवलाय, दुसऱ्या महायुद्धानंतर तर जपानमधल्या कारखान्यांनी याच्या नकला ढिगाने काढल्या आणि जगभर पाठवल्या, त्यामुळे नाव काहीही असो, आत यंत्र जवळजवळ तेच असतं. आणि माझ्या मते याचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट हाच. बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) आजही मिळते, ती बसते ती डबी म्हणजे बॉबिन केस मिळते, सुई तर आजच्या बहुतेक घरगुती मशीनना लागते तीच, पाकिटावर १३०/७०५ एच लिहिलेली. इतक्या जुन्या वस्तूचा सुटा भाग आज सहज मिळावा असं दुसरं काय आहे घरात सांगा बरं. फोनचा चार्जर चार वर्षांनी चालत नाही.

आता हे घ्यावंसं वाटतं कशामुळे. हल्ली ते व्हिडिओ फार येतात ना, जुन्या लोकांसारखं जगा टाइप, मंद संगीत, खिडकीतून ऊन येतंय, एक बाई शांतपणे मशीन चालवतेय, बाजूला कुंडीत काहीतरी हिरवंगार उगवलंय. बघायला छान वाटतं, मलाही वाटतं. पण त्यात एक गोष्ट सर्रास ठोकून दिली जाते की आधीच्या पिढ्या सगळं घरच्या घरी करायच्या आणि कोणावर अवलंबून नव्हत्या. अहो हे मशीनच बघा ना. ते कारखान्यातून आलेलं, तेही कितीतरी घरांत हप्त्यांवर. सिंगर कंपनीतला भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये हप्त्याची स्कीम काढली, थोडे पैसे भरून मशीन घरी न्या आणि बाकीचे महिन्याला फेडा, कारण एवढी महाग वस्तू एकदम घेणं सामान्य घराला परवडणारच नव्हतं. आज आपण फोन हप्त्यावर घेतो तो रस्ता या मशीनने पाडलाय म्हणा हवं तर. शिवाय दोरा कारखान्याचा, सुई कारखान्याची, कापड गिरणीचं, बटणं विकतची. मग घरी काय होत होतं? बेतणं आणि शिवणं काही घरांत होत होतं, सगळ्यांत नाही. पण दुरुस्ती मात्र जवळपास सगळीकडे होत होती. म्हणजे वस्तू बाहेरूनच यायची, फक्त एकदा घरात आली की तिचं पुढे काय करायचं हे घरातली माणसं ठरवायची, दुकान नाही. मला तरी त्यांच्याकडून घेण्यासारखी हीच गोष्ट वाटते आणि या मशीनचं मोजमाप मी त्याच हिशोबाने करतोय.

यावरून एक गंमत. यंत्रांबद्दल इतकं कडक बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनला मात्र अपवाद केलं होतं, माणसाचे हाल वाचवणारं यंत्र चालेल, लोभापायी आणलेलं नको अशी त्यांची लाइन होती. त्यांचा समज असा होता की सिंगरने बायकोचं हाताने शिवण्याचं कष्टाचं काम बघून प्रेमापोटी हे मशीन शोधलं. प्रत्यक्षात आयझॅक सिंगर हा नाटकात काम करणारा, पैशामागे धावणारा गृहस्थ, त्याचे एकाच वेळी अनेक संसार चाललेले आणि मुलं मोजली तर २४. प्रेम होतं म्हणायचं, जरा जास्तच ठिकाणी होतं. पण मशीन चांगलं निघालं हे मात्र खरं, आणि तेही त्याच्या एकट्याचं नाही. टोकाला भोक असलेली सुई आणि खालून शटल (खालचा दोरा वाहून नेणारा भाग) घेऊन टाका अडकवणाऱ्या मशीनचं पेटंट एलायस होवचं, १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं, कापड पुढे सरकवणारे जे दाते असतात ती कल्पना अॅलन विल्सनची, मग हे सगळे कोर्टात भांडत बसले आणि शेवटी १८५६ मध्ये पेटंटं एकत्र करून धंदा सुरू केला.

टाक्याची गोष्ट मध्येच आली तर ती जरा समजावून सांगतो कारण दुरुस्तीला मशीन का वापरायचं याचं उत्तर त्यातच आहे. या मशीनमध्ये दोन दोरे असतात, एक वरचा रिळावरून येणारा आणि एक खालचा बॉबिनमधला, आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत मध्यभागी पडते. त्यामुळे एखादा टाका तुटला तरी बाजूचे बऱ्यापैकी धरून ठेवतात. एकाच दोऱ्याची साखळी शिवण असते ती वेगळी, धान्याच्या गोणीचं तोंड शिवलेलं असतं बघा, एक टोक नेमकं सापडलं की सर्र करून पूर्ण उसवते. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये पेटंट घेतलेलं मशीन साखळी टाक्याचंच होतं, त्यावर सैनिकांचे कपडे शिवायला सुरुवात केली तर बाकीच्या शिंप्यांनी पोटावर पाय येणार म्हणून कारखान्यात घुसून मशीनं फोडली. असो. मुद्दा हा की दोन दोऱ्यांचा टाका घट्ट बसतो आणि हातशिलाईच्या धावदोऱ्यापेक्षा खूप जास्त टिकतो, खिशाची कड, पँटची मधली शिवण, पिशवीचा बंद असल्या ताण येणाऱ्या जागी तर फरक लगेच कळतो.

चालवायला कसं आहे? पहिल्यांदा पाय ऐकत नाहीत. खाली पायडल टाचेने आणि चवड्याने आळीपाळीने दाबायचं असतं, आणि वरचं चाक आपल्या दिशेने फिरलं पाहिजे. ते जरा उलटं फिरलं की दोरा आत गुंतलाच समजा. म्हणून सुरुवात नेहमी उजव्या हाताने वरचं चाक आपल्याकडे ओढून करायची आणि मग पायाने लय पकडायची. नवीन माणसाने आधी दोरा न लावता, फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारी पट्टी) वर ठेवून नुसता पाय चालवावा, मग जाड कागदावर बिनदोऱ्याच्या रेघा माराव्यात, एकदा पायाला कळलं की सायकलसारखं आहे, विसरत नाही. आणि मग जी मजा येते ती मोटरच्या मशीनला नाही. हळू म्हणजे किती हळू, तर एक टाका घालून थांबता येतं, सुई कापडात नेमकी कुठे पडणार ते बघून घालता येते. कोपरा आला की सुई कापडात ठेवायची, फूट उचलायचं, कापड वळवायचं, फूट खाली आणि पुढे. मोटरच्या स्वस्त मशीनवर हेच करताना पायाचा अंदाज चुकला की भर्रकन चार टाके जास्त पडतात.

जाड कापडात तर हे बाजी मारतं. खालचं मोठं चाक एकदा फिरायला लागलं की त्याचा जोर सुईमागे असतो, जीन्सची पट्टी, कॅनव्हासची पिशवी, दोन-तीन घड्या सहज जातात. सुई मात्र १००/१६ नंबरची घाला, साध्या सुती कापडाला ८०/१२ किंवा ९०/१४ पुरते (त्या मोठ्या आकड्याला १०० ने भागा, ती सुईची मिलिमीटरमधली जाडी). जिथे जीन्सच्या बाजूच्या शिवणीचा गठ्ठा येतो तिथे पाय थांबवून वरचं चाक हाताने फिरवत तेवढे टाके काढायचे, आणि फूट पुढून वर उचललं जात असेल तर त्याच्या मागच्या बाजूखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायची म्हणजे फूट सपाट राहतं आणि टाका सुटत नाही. एवढी एक युक्ती माहीत असली तरी पँट बाहेर शिवायला द्यायची वेळ येत नाही.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. जुन्या मशीनवर टाक्याच्या लांबीच्या पट्टीवर जे आकडे असतात ते बहुतेक वेळा एका इंचात किती टाके याचे असतात, मिलिमीटरचे नाही. म्हणजे आकडा मोठा तर टाका छोटा. नवीन मशीनवर याच्या बरोब्बर उलटं. नवीन मशीनवरून आलेला माणूस ३०च्या जवळ पट्टी नेतो आणि मग इतके बारीक टाके पडतात की उसवता उसवता कापड फाटायची वेळ येते. रोजच्या कामाला इंचाला १० ते १२ टाके ठेवा, म्हणजे साधारण दोन ते अडीच मिलिमीटर. कच्ची शिवण घालायची असेल तर ६ वर न्या, ओढली की निघते.

तक्रारी ज्या येतात त्यातल्या बहुतेक मशीनच्या नसतातच. दोरा तुटतोय, टाके सुटतायत, खाली जाळं होतंय, असं झालं की लोक आधी स्क्रूड्रायव्हर घेतात. आधी सुई बदला हो, बोथट सुईने निम्मी दुखणी होतात, आणि सुई पूर्ण वरपर्यंत गेलीय का बघा. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने आत जातो आणि चपटी बाजू त्याच्या विरुद्ध. १५ नंबरच्या नमुन्यात चपटी बाजू डावीकडे येते, सगळ्या मॉडेलला तसं नसतं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसत असतील तर लोक बॉबिनला दोष देतात पण गडबड जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याची असते, फूट वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा, कारण फूट खाली असताना टेन्शनच्या (दोऱ्याला ताण देणाऱ्या) चकत्या आवळलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसतच नाही. टेन्शन तपासायचं तर वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घालून जुन्या कापडावर टीप मारून बघा, कोणता रंग चुकीच्या बाजूला डोकावतोय त्यावरून लगेच कळतं.

देखभाल म्हणाल तर तेल, तेल आणि तेल. मशीनचंच पातळ पारदर्शक तेल, खाद्यतेल घालू नका, ते वाळून चिकट होतं आणि मशीन जाम. मशीन वर्षानुवर्षं बंद पडलेलं असेल आणि चाक फिरतच नसेल तरी घाबरू नका, बऱ्याचदा आत गंज नसतोच, जुनं तेल घट्ट झालेलं असतं. थोडं केरोसीन सांध्यांत सोडा (खिडकी उघडी, जवळपास आग नको), चाक हाताने मागे-पुढे हलवत रहा, मोकळं झालं की काळा मळ पुसून काढा आणि मग नवीन तेल. दात्यांखाली कापडाचा भुसा साठतो, तो ब्रशने काढायचा, फुंकर मारून आत ढकलायचा नाही. आणि एक कळकळीची विनंती, त्या सोनेरी नक्षीला स्पिरिट लावू नका. जुन्या काळ्या मशीनवर बऱ्याचदा लाखेचा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि चमकावायला गेलेलं मशीन पांढुरकं, चिकट होऊन बसतं. तेलाचा बोळा पुरेसा आहे.

इथवर सगळं चांगलंच लिहिलंय. आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. मशीन घरात आलं म्हणून दुरुस्ती होत नाही. कितीतरी घरांत ही मशीनं आहेत, वर कुंडी किंवा टीव्ही ठेवलेला असतो. जुन्या घरांत मशीन चालत होतं कारण त्याच्या शेजारी एक टोपली असायची. फाटलेलं, उसवलेलं, बटण गेलेलं सगळं त्या टोपलीत पडायचं, आणि ठरलेल्या वेळी टोपली रिकामी व्हायची. सोबत बटणांचा डबा, कारण कपडा फेकायच्या आधी त्याची बटणं, चेन, हूक काढून घेतले जायचे. हे जोपर्यंत होत नाही तोपर्यंत पायाचं मशीन हे फक्त जड टेबल आहे. मी तर म्हणतो मशीन घ्यायच्या आधी टोपली ठेवा, ती भरतेय आणि तुम्ही हाताने का होईना रिकामी करताय असं दिसलं तर मशीन घ्या. नुसतीच भरत असेल तर मशीन काही करणार नाही.

आणि टोपलीतलं काम किती डोक्याचं असतं ते करायला लागल्यावर कळतं. चादर नेहमी मधोमध विरते, कडा धडधाकट असतात. मग जुने लोक काय करायचे, चादर मधून उभी फाडायची, दोन्ही बाहेरच्या कडा आत आणून एकमेकींना जोडायच्या आणि विरलेला भाग बाहेर, गादीखाली खोचला जाणारा, तिथे नुसती दुमडपट्टी. एक लांब सरळ टीप आणि दोन पट्ट्या, पायाच्या मशीनवर मस्त होतं, फक्त मध्ये शिवण येते ती अंगाखाली जाणवू नये म्हणून चपटी घालायची. शर्टाची कॉलर घडीवर झिजते, ती जोडाची शिवण उसवून उलटी करून परत बसवायची, झिजलेली बाजू खाली लपते आणि शर्ट अजून बराच काळ चालतो. गुडघ्यावर विरलेल्या पँटला भोक पडायच्या आधीच आतून कापडाचा तुकडा लावून वरून शेजारी शेजारी टीपा मारायच्या, भोक पडल्यावर तेच काम तिप्पट होतं. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून कपड्यांवर रेशन होतं, ते १९४९ पर्यंत चाललं, तेव्हा सरकारने स्वतः पत्रकं काढून लोकांना हेच शिकवलं होतं, कॉलर उलटा, चादरी मधून जोडा, मोठ्यांच्या कोटातून लहानांचे कोट काढा. अमेरिकेत मंदीच्या काळात पिठाच्या सुती पोत्यांचे कपडे घराघरात शिवले जायचे, इतके की गिरण्या पोत्यांवर मुद्दाम फुलाफुलांची छपाई करायला लागल्या म्हणजे बायका आपलंच पीठ घेतील. स्वावलंबन म्हणा आणि मार्केटिंग म्हणा, दोन्ही एकाच पोत्यात.

नवीन कपडे शिवायच्या भानगडीत मात्र मी पडणार नाही, निदान पैसे वाचवायला म्हणून तरी. एके काळी कपडा घराच्या खर्चात मोठी बाब होती, म्हणून शिवणं परवडायचं. आता तयार कपडा इतका स्वस्त झालाय (का झालाय, शिवणाऱ्याच्या हातात काय पडतं, ते सगळ्यांना माहीत आहे) की कापड, दोरा, बटणं आणि आपला वेळ धरला तर घरी शिवलेला शर्ट महागच पडतो. हौस असेल, अंगाला नीट बसणारं हवं असेल तर जरूर शिवा, पण हिशोबात बसवू नका. दुरुस्तीचं तसं नाही, तिथे खर्च एक वीतभर दोरा आणि थोडा वेळ, आणि वाचतो तो पूर्ण कपडा.

आता एक स्टार का कापला. या मशीनला सरळ टाका सोडून काही येत नाही, झिगझॅग (नागमोडी टाका) नाही. ताणणाऱ्या कापडावर सरळ टीप मारली की कापड ताणलं जातं, दोरा ताणला जात नाही, मग तो तटकन तुटतो. आणि आज आपल्या कपाटातले निम्मे कपडे ताणणारे आहेत, म्हणजे टोपलीतलं निम्मं काम याच्यावर होतच नाही, ते हातानेच करावं लागतं किंवा झिगझॅगवालं मशीन लागतं. हा मशीनचा दोष नाही, ते बनलं तेव्हा असे कपडे आजइतके नव्हते, पण आज घेणाऱ्याने विचार केलाच पाहिजे. काजं करायला वेगळी जोडणी मिळते, ती फुटाच्या जागी लावायची, चालते ठीकठाक, आवाज फार करते. काही जुन्या मॉडेलना उलटी टीपही नसते, तिथे शेवट पक्का करायला कापड फिरवून परत चार टाके घालायचे किंवा दोन्ही दोऱ्यांची गाठ मारायची. कडा धागे सोडू नयेत म्हणून ओव्हरलॉक करता येत नाही, पण त्यावर जुना उपाय भारी आहे, कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून आधी शिवण घालायची, कडा कापायच्या, मग पलटून दुसरी शिवण घालायची म्हणजे कडा आतच बंद. दिसायला ओव्हरलॉकपेक्षा देखणं.

जागा खातं, हलवायला दोन माणसं लागतात. घरात लहान मूल असेल तर वापरून झालं की पट्टा खालच्या चाकावरून उतरवून ठेवा, बोट चाकात आणि पट्ट्यात सापडतं आणि मुलांना ते फिरणारं चाक फार आवडतं. वीज लागत नाही हे खरं, पण अंधारात शिवता येत नाही, दिवा लागतोच, त्यामुळे वीज नसली तरी शिवता येतं वगैरे म्हणणाऱ्यांनी रात्री एकदा सुईत दोरा ओवून दाखवावा.

आणि एक गोष्ट जी त्या सुंदर व्हिडिओंत कधीच नसते. १८६० च्या आसपास व्हीलर अँड विल्सन या मशीन कंपनीने आकडे छापले होते, पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला चौदा तासांहून जास्त आणि मशीनवर सव्वा तासाच्या आसपास. कंपनीचेच आकडे म्हणजे थोडं मीठमसाला धरा, तरी फरक प्रचंड आहे. मग वाचलेले तेरा तास गेले कुठे? बाईला मिळाले का? बऱ्याचदा नाही. कपड्यांना झालरी आल्या, चुण्या आल्या, पट्ट्यांवर पट्ट्या आल्या, घरात प्रत्येकाकडे कपडे जास्त झाले आणि ज्या बायका पैशासाठी शिवत होत्या त्यांना नगामागे मिळणारे पैसे कमी झाले. टोपली रिकामी कोण करायचं, तर दिवसभराचं सगळं आटोपल्यावर घरातली बाईच. तेव्हा आजीचं स्वावलंबन आपल्याला हवं असेल तर टोपली कोणाच्या नावावर आहे ते आधी ठरवा. आमच्याकडे नियम साधा आहे, ज्याने फाडलं त्याने शिवायचं, पायडल कोणाच्याही पायाला चालतं, आणि खरं सांगायचं तर नियम आल्यापासून फाटण्याचं प्रमाण जरा कमी झालंय.

घ्यायचंच ठरलं तर हे बघा. वरचं चाक हाताने आपल्याकडे फिरवा, सुई वर-खाली झाली पाहिजे आणि दाते पुढे-मागे. अडखळत फिरलं तर चालेल, एका जागी खटकन अडकत असेल तर सोडून द्या. सुईचा दांडा डावी-उजवीकडे हलवून बघा, खेळ जास्त असेल तर झीज झालीय. स्टँडच्या बिडाला तडा आहे का ते खाली वाकून बघा, बीड घरी जोडता येत नाही. लाकूड खराब असेल तर त्याची काळजी करू नका, फळी बदलता येते. पट्टा गेलेला असणारच, तो धरूच नका, चामड्याचा पाचेक मिलिमीटर जाडीचा गोल पट्टा आणि एक तारेची क्लिप एवढंच लागतं, सैल झाला की थोडा कापून परत जोडायचा. चकाकत्या नक्षीला भुलू नका, घासून-पुसून रंगवलेली मशीनं बऱ्याचदा आतून कोरडी असतात.

आणि बॉबिनची जागा उघडून बघा. गोल चपटी बॉबिन आणि तिची केस असेल तर निर्धास्त घ्या. आत होडीसारखं लांबट शटल असेल तर ते आणखी जुन्या पद्धतीचं मशीन आहे, शिवतं छान, पण त्याची लांब बारीक बॉबिन वेगळी असते आणि शटल हरवलेलं असलं तर शोधत बसावं लागतं. शटल जागेवर नसेल तर ते मशीन घेऊ नका, विकणारा कितीही म्हणाला की कुठेही मिळून जाईल.